टायमिंग बेल्ट बदलताना वॉटर पंप जुनाच ठेवू नका



होडीच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको. बंदीत होडी वर काढली आणि पंखा उतरवला की शाफ्टची ग्लँड पॅकिंग बघतो, झिंक झिजला असेल तर नवीन लावतो. आउटबोर्डचा इम्पेलर बदलताना जुनंच गॅस्केट परत बसवायला आपला हात धजत नाही. "एकदा खोललंच आहे तर करून टाकूया," हे वाक्य जेटीवर रोज कानावर पडतं. गाडी गॅरेजला लावली की मात्र हीच माणसं बिलातल्या एकेका ओळीवर घासाघीस करायला लागतात.

यात आम्हीही आलो. सोसायटीची मासळी न्यायची जुनी डिझेल गाडी गेल्या वर्षी टायमिंग बेल्टसाठी दिली होती. मेस्त्रीने अंदाजपत्रकात बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप आणि कूलंट एवढं लिहिलं होतं. समितीने बसून बेल्ट सोडून बाकी सगळ्यावर रेघ मारली. पंप गळत नाही, टेन्शनर हाताने फिरवला तर मऊ फिरतो, मग कशाला? साडेचार हजार वाचले म्हणून आम्ही खूशही झालो.

आठ महिन्यांनी बेळगावला माल घेऊन जाताना केरीच्या पुढे, चोर्ला घाटाच्या चढणीवर इंजिन बंद पडलं. जुन्या पंपाचं बेअरिंग जाम झालं होतं आणि त्याने नव्या बेल्टचे दात सोलून काढले. व्हॉल्व वाकले, हेड उतरवावं लागलं. वाचवले होते त्याच्या दहापट पैसे गेले. दुसरी गाडी मिळेपर्यंत बर्फ वितळला आणि सभासदांचे बांगडे निम्म्या भावात सोडावे लागले. ती रेघ मेस्त्रीने मारली नव्हती. आम्ही मारली होती, हे इथे लिहून ठेवतो.

आता हे असं का होतं ते बघा. टायमिंग बेल्ट खालच्या क्रँकला वरच्या कॅमशी बांधून ठेवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झाला पाहिजे, तरच व्हॉल्व वेळेवर उघडतात आणि मिटतात. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की व्हॉल्व आणि पिस्टनमध्ये जागा जवळजवळ उरतच नाही. बेल्ट तुटला किंवा दोन-चार दात सरकला, की पिस्टन उघड्या व्हॉल्ववर जाऊन आपटतो. क्लच जायच्या आधी सांगून जातो, बेल्ट बहुतेक वेळा सांगत नाही.

हा बेल्ट काही एकटा फिरत नाही. टेन्शनर त्याला ताणून धरतो, आयडलर वळण देतो आणि बऱ्याच इंजिनांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालतो. डस्टर, टेरानो, व्हेरिटो यांच्या 1.5 लिटर डिझेल इंजिनात पंप याच बेल्टवर आहे, डिझेलचा हाय प्रेशर पंपसुद्धा. या सगळ्यांची बेअरिंगं बंद असतात, वरून ग्रीस मारायची सोय नाही. बेल्ट जेवढे किलोमीटर धावला तेवढेच तीही धावलेली असतात. हाताने फिरवून मऊ वाटणं ही काही परीक्षा नव्हे. हातात वजन नसतं, नव्या ताणलेल्या बेल्टखाली असतं. आमची फसगत नेमकी इथेच झाली.

आणि मजुरीचा हिशेब. या कामात बेल्टची किंमत थोडी. पैसे जातात ते खोलण्याचे: इंजिनचा माउंट सोडा, फॅन बेल्ट काढा, पुल्ली काढा, कव्हर काढा, खुणा जुळवा. वर्षभराने पंप गळायला लागला तर हीच मजुरी पुन्हा पहिल्यापासून. पंपाच्या छोट्या भोकाखाली सुकलेल्या कूलंटचा डाग दिसला तर विचारसुद्धा करू नका, बदला. पंप बदलताना कूलंट सांडणारच, तेव्हा ते नवीन आणि कंपनीने सांगितलेलंच भरा, नळाचं पाणी नको. फॅन बेल्ट तर उतरलेलाच असतो, जुना झाला असेल तर तिथेच नवा घाला.

ऑइल सीलबद्दल मेस्त्री लोकांत दोन मतं आहेत. काहीजण कॅम आणि क्रँकची सील सरसकट बदलतात. काही म्हणतात की कोरडी सील उपटताना शाफ्टला चर पडली तर नसलेली गळती सुरू होईल. आमचं मत असं की सील कोरडी असेल तर मेस्त्रीवर सोडा, जरासा ओलावा दिसला तर बदलायलाच लावा. तेल लागलं की बेल्टचं रबर फुगतं आणि नवा बेल्ट वेळेआधीच संपतो.

काहीजण म्हणतील की सोसायटी गॅरेजवाल्यांची वकिली करते. तसं नाही. बेल्टच्या बिलात इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश घुसवलं असेल तर खुशाल रेघ मारा, त्याचा या कामाशी संबंध नाही. आधी आपल्या गाडीला बेल्ट आहे की चेन तेही विचारा. स्विफ्ट आणि डिझायरच्या 1.3 डिझेलला चेन असते. काढलेले जुने भाग हातात मागून घ्या. चावी मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासायला सांगा, चांगला मेस्त्री हे न सांगता करतो.

रबर वर्षांनीही म्हातारं होतं. पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, त्यातलं जे आधी भरेल ते धरायचं. सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्टचं बिल मिळालं नाही, तर तो बदललेलाच नाही असं समजा. पहाटे त्याच गाडीने टोपल्या घेऊन बाजाराला निघणाऱ्या आपल्या बायकांचा दिवस त्या बेल्टवर असतो.

1 जून ते 31 जुलै बंदी आहे, गाड्याही बऱ्यापैकी उभ्याच असतात. हे काम तेव्हाच उरकून घ्या. अंदाजपत्रक समजत नसेल तर सोसायटीत घेऊन या, आम्ही सोबत बसून एकेक ओळ वाचू. या वेळी रेघ मारायच्या आधी मेस्त्रीलाही बोलावू.