स्फोटानंतर कंपनीचा वकील काय सांगतो आणि कायदा काय सांगतो

एमआयडीसीत स्फोट झाला की दोन दिवस मृतांचा आकडा, मंत्र्यांची भेट आणि चौकशीची घोषणा यांच्या बातम्या येतात. मग त्या थांबतात. खरी लढाई मात्र तिथून पुढे सुरू होते आणि त्या लढाईत एका बाजूला कंपनीचा वकील आणि विमा कंपनी असते, तर दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा नुकतीच विधवा झालेली एखादी बाई.

डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट होऊन 12 जण गेले. आठ वर्षांनी, 23 मे 2024 रोजी त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, तेव्हा पहिल्या स्फोटात घरांचे नुकसान झालेले अनेक डोंबिवलीकर अजून भरपाईचीच वाट पाहत होते. मुळशी तालुक्यात उरवडे येथे 7 जून 2021 रोजी लागलेल्या आगीत 17 कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत 15 महिला होत्या. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरातले कोणी ना कोणी अशाच कारखान्यांत कंत्राटी कामावर जाते. म्हणून अशा खटल्यांत बचाव कसा केला जातो, हे समजून घेणे गरजेचे आहे. बचाव करणे हा कंपनीचा अधिकार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातला कोणता मुद्दा पोकळ आहे, हे आपल्याला माहीत हवे.

पहिला मुद्दा नेहमी ‘दैवी आपत्ती’चा असतो. उन्हाळा होता, तापमान वाढले, आमच्या हातात काही नव्हते. उत्तर प्रदेशात शहाजहानपूर येथे एप्रिल 2003 मध्ये मॅकडॉवेल कंपनीचे मद्याचे गोदाम जळाले. सरकारने बुडालेले उत्पादन शुल्क मागितले, तेव्हा कंपनीने हेच सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये ते फेटाळले. वादळ, पूर, वीज, भूकंप अशी कोणतीही बाहेरची नैसर्गिक शक्ती नसताना लागलेली आग दैवी आपत्ती ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. (दारूच्या करासाठी सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कामगाराच्या भरपाईसाठी याच जिद्दीने लढलेले सरकार आम्हाला अजून पाहायचे आहे.)

दुसरा मुद्दा: आग आमच्यामुळे लागलीच नाही. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 13 जून 1997 रोजी 59 जण मेले. आग वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरमधून सुरू झाली, हे खरेच होते आणि मालकांनी त्यावर भर दिला. पण आग कशाने लागली आणि माणसे कशाने मेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाहेर पडायचे मार्ग अडलेले होते. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची 85 टक्के जबाबदारी सिनेमागृहाच्या मालकांवर आणि 15 टक्के वीज मंडळावर टाकली. मात्र उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरील मृतांसाठी ठरवलेले 18 लाख कमी करून 10 लाख केले आणि परवाना देणाऱ्या यंत्रणांना भरपाईतून मोकळे केले. हा भाग आम्हाला पटत नाही. तपासणी न करता सही करणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागत नसेल तर पुढची सहीसुद्धा तशीच होणार.

धोकादायक उद्योगांना तर यातला कोणताच आधार घेता येत नाही. दिल्लीतील श्रीराम कंपनीच्या वायुगळतीनंतर सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने डिसेंबर 1986 मध्ये निरपवाद जबाबदारीचे तत्त्व घालून दिले. 1868 च्या इंग्रजी निकालातल्या पळवाटा भारतात चालणार नाहीत, काळजी घेतली होती की नाही हा प्रश्नच येत नाही, असे ते तत्त्व आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यांत क्रूर आहे: चूक त्याचीच होती. त्याने मोबाइल वापरला, बिडी पेटवली, नियम मोडला. घरचे लोक हे ऐकून गप्प बसतात. पण कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्यानुसार कामगाराचा मृत्यू झाला किंवा तो कायमचा पूर्ण अपंग झाला, तर त्याने नियम मोडल्याचे कारण देऊन भरपाई नाकारता येत नाही. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. कंत्राटदाराचा माणूस होता, आमचा नव्हता, हेही चालत नाही. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचे काम कंत्राटदारामार्फत करून घेतले असेल, तर भरपाई मुख्य मालकाकडे मागता येते. मालकाने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी.

मग खटले हरतात कशामुळे? कागदामुळे. पगार रोख, हजेरीपट ठेकेदाराकडे, ओळखपत्र नाही. स्फोटात जे जळत नाही ते नंतर गहाळ होते. उपहार प्रकरणात न्यायालयातल्याच कागदपत्रांशी छेडछाड झाली आणि त्यासाठी 2021 मध्ये मालक दोषी ठरले. म्हणून सोबतच्या कामगारांची नावे, गेट पास, ठेकेदाराचे मेसेज, यूपीआयने आलेला पगार, हे सगळे पहिल्या आठवड्यातच गोळा करून ठेवावे. एफआयआर आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत मागून घ्यावी. कामगाराची ईएसआय कापली जात होती का, तेही पाहावे, कारण तसे असेल तर दावा ईएसआयकडे जातो.

शेवटचा मुद्दा बैठकीच्या खोलीतल्या पाकिटाचा. अंत्यविधीनंतर कोणीतरी येतो, दोन-तीन लाख देतो आणि ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतो. कायद्याने मृत्यूची भरपाई भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे आताच्या संहितेनुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही आणि हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो. अशी सही आधीच झाली असली तरी दावा दाखल करता येतो.