सभासदांची साखर आणि पुड्यांचा कचरा



दिवाळीची साखर यंदा एक-एक किलोच्या छापील प्लॅस्टिक पुड्यांतून मिळावी, वर कारखान्याचे चित्र असावे, अशी मागणी काही गटांतून होत आहे. मागणी करणारे आपलेच भाऊबंद आहेत. तरीही आम्हाला ती पसंत नाही. का नाही, ते मोकळेपणाने मांडतो.

आधी हिशेब. समजा १५ हजार सभासद आहेत आणि प्रत्येकाला ३० किलो साखर द्यायची आहे. म्हणजे साडेचार लाख किलो झाली. ५० किलोच्या पोत्यांतून ती गटऑफिसला नेली तर ९ हजार पोती लागतात. पुड्या केल्या तर साडेचार लाख पिशव्या, त्या भरून नेण्यासाठी पुन्हा मोठ्या पिशव्या, शिवाय भरण्याची मजुरी. हा पैसा साखरेच्या दरात दाखवा नाहीतर उसाच्या दरात, जाणार आपल्याच खिशातून.

तागाच्या पोत्याचे काय होते ते आपण लहानपणापासून पाहिले आहे. साखर संपली की बारदान धान्याला, मग पेंडीला, पावसात डोक्यावर खोळ, शेवटी उंबऱ्याशी पायपुसणे, आणि चिंध्या झाल्या की उकिरड्यात जाऊन खत. पुडीचे आयुष्य मात्र साखर डब्यात ओतेपर्यंत. तिथून ती परसात, परसातून पाटात, पाटातून उसाच्या सरीत. रोटाव्हेटर फिरला की एकीच्या दहा चिंध्या, आणि त्या काही कुजत नाहीत. गाईने खाल्ली तर डॉक्टरला पोट फाडावे लागते. बंबात सरपण म्हणून पिशव्या कोंबायची खोड तर आपल्याच घरांत आहे. तो धूर आधी पाणी तापवणाऱ्या बाईच्या छातीत जातो.

तागात दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. ताग महाग पडतो, त्याचे तंतू साखरेत येतात, कधी तेलाचा वास येतो, पावसाळी हवेत साखर ओल धरते. १९८७ च्या कायद्याखाली केंद्र सरकार ताग वापरण्याचे प्रमाण ठरवते. २०२३-२४ साठी साखरेला ते २० टक्के होते. बाकीची साखर बहुतेक पीपीच्या पोत्यांतून जाते. चालेल. ते पोतेसुद्धा घरी चार वेळा कामाला येते.

पण पुड्यांच्या मागणीमागचे खरे कारण वेगळेच आहे. सभासदाचा मापावर भरवसा नाही. पोत्यातून मोजून घेतलेली साखर घरी नेऊन तोलावी तर पाव-अर्धा किलो कमी भरते! ही तक्रार खोटी नाही, आम्हीही ती सोसली आहे. मात्र वाटप करणाऱ्या कारकुनाचेही ऐका. त्याच्या नावावर पोते ५० किलोचे लिहिलेले असते आणि सांडलवंड त्याच्याच अंगावर येते. मग तो ती सभासदाच्या पिशवीतून काढतो. तेव्हा कारखान्याने वाटपाला थोडी घट मंजूर करावी, आणि काट्याचे आकडे सभासदाच्या तोंडासमोर ठेवावेत. एवढे झाले तर पुडी मागणारे निम्मे लोक गप्प बसतील.

आता थोडे आपल्या सभेबद्दल. राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे देशभर बंद झाले. तरी वार्षिक सभा उठल्यावर मंडपात काय पडलेले असते ते सांगायला नको. पाण्याच्या अर्ध्या प्यालेल्या बाटल्या तर मोजवत नाहीत. पिंप आणि स्टीलचे पेले ठेवायला काय हरकत आहे? पूर्वी होतेच की.

हे विषय 'ऐनवेळी येणाऱ्या विषयांत' ढकलले तर तोवर निम्मा मंडप जेवायला उठलेला असतो. म्हणून ज्यांना हे पटते त्यांनी सभेची नोटीस मिळताच मुदतीत लेखी सूचना गटऑफिसमार्फत द्यावी. आमची तयार आहे. सही करायची असेल त्यांनी यावे. आणि ठराव काहीही होवो, साखर न्यायला येताना घरून दोन कापडी पिशव्या आणाव्यात.