चषकाला नाव कोणाचे?

"खेळात जात आणू नका." अमरावती-अकोल्यात हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, आता त्याचा हिशेब मांडणे भाग आहे.

मागच्या हिवाळ्यात अकोला जिल्ह्यातल्या एका गावी कबड्डीचे खुले सामने होते. वस्तीतल्या पोरांनी संघाच्या नावात 'भीम' लिहून दिले. आयोजक म्हणाले, "नाव बदला, वातावरण बिघडते." चषकाला मात्र पुढाऱ्याचे नाव होते, मंडपावर त्याचाच फोटो होता, बाकीचे संघ देवादिकांच्या नावाने उतरले होते. तिथे कोणाला राजकारण दिसले नाही. 'भीम' म्हटले की लगेच जात दिसते!

जर्मनीचा दाखला पाहा. तिथला फुटबॉलचा राष्ट्रीय बाद-फेरी चषक १९३५ साली सुरू झाला तो 'चामर-पोकाल' या नावाने. हान्स फॉन चामर हा हिटलरचा क्रीडाप्रमुख. ८ डिसेंबर १९३५ रोजी ड्युसेलडॉर्फला पहिला अंतिम सामना झाला. न्यूर्नबर्गने शाल्के ०४ ला २-० ने हरवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मैदानात कोण नव्हते, हे कोणी विचारले? १९३३ च्या एप्रिलमध्येच दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या क्लबांनी ज्यू सभासदांना दूर करण्याचे जाहीर केले होते. न्यूर्नबर्ग त्यात होताच.

त्यातच कार्ल्सरूहचा क्लबही होता. जर्मनीकडून खेळलेला, १९१२ साली नेदरलँड्सविरुद्ध एकट्याने चार गोल करणारा युलियस हिर्श तिथला सभासद. बातमी वाचून त्याने स्वतःच राजीनामा पाठवला. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीसाठीच लढला होता. १९४३ साली त्याला ऑश्वित्झला धाडले. तो परतला नाही.

हे परदेशातले म्हणून हळहळून सोडायचे का? पळवणकर बाळू आठवा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चर्मकार गोलंदाज. पुण्यात त्याचा चेंडू चालत होता, पण चहा त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच रीतसर दिले गेले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाला. तेव्हा जात खेळात कोणी आणली? बाळूने?

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली. अमरावतीकरांना त्याचा अभिमान आहे, असावाच. पण त्याच महिन्यात बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. आणि याच अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या दारात जाण्यासाठी आपल्या माणसांना सत्याग्रह उभारावा लागला. शाळेत पोरांना पहिली गोष्ट सांगतात, बाकीच्या दोन गाळतात. गाळणे हेही राजकारणच असते.

जर्मनांनी युद्धानंतर चषकाचे नाव बदलले. २००५ पासून त्यांचा फुटबॉल संघ हिर्शच्या नावाने पुरस्कार देतो. सहा दशके लागली, पण आपल्याच क्लबांनी काय केले ते त्यांनी कबूल केले. कबुलीशिवाय मैदान स्वच्छ होत नाही.

आता थोडे स्वतःकडेही बघू. १४ एप्रिलच्या आपल्या सामन्यांत चषकाला नाव कोणाचे असते? ज्याने ढाल आणि मंडपाचा खर्च दिला त्याचे! निवडणूक आली की तोच फोटो दुसऱ्या झेंड्याखाली दिसतो. मग आयोजकांना आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

म्हणून यंदा वर्गणी काढा, चषक लहान असला तरी चालेल. त्याला बाळूचे नाव द्या. मुलींचे संघ उतरवा. गावातल्या सगळ्या जातींच्या पोरांना बोलवा, कारण आपल्याला कोणाला बाहेर ठेवायचे नाही. आणि कोणी संघाचे नाव बदला म्हटले, तर आधी चषकावरचे नाव वाचायला सांगा.

त्या पोरांनी नाव बदलले नाही. ते न खेळताच परतले. हरले कोण, ते तुम्हीच ठरवा.

जय भीम!