परमुलखातला पगार आणि आपल्या नावाचे खाते

जत तालुक्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. वहीची दोन पाने, दोन्ही बाजूंनी भरलेली. सप्रेम जयभीम लिहून त्यांनी लगेच मुद्द्यालाच हात घातला आहे. मुलगा फिटरच्या कामाला दुबईला गेला. तिथले ओळखपत्र हातात यायचे होते, त्यामुळे बँकेत खाते नव्हते. मालक लहान, पगार रोख हातावर ठेवायचा. खोलीतला एक जण शेजारच्या तालुक्यातला, म्हणजे घरचाच. तो म्हणाला, "माझ्या नावावर पाठवतो, माझा भाऊ तुझ्या घरी नेऊन देईल." दोन महिने भावाने पैसे पोहोचवले. पुढच्या तीन महिन्यांचे आलेच नाहीत. तो गृहस्थ आता दुसऱ्या कंपनीत गेला आहे, आणि भाऊ म्हणतो की मला काही मिळालेच नाही. शेवटी ताई विचारतात, "आपल्याच माणसाकडे पावती कशी मागायची होती?"

हा प्रश्न नवा नाही. सातारा-सांगलीची माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती तेव्हा गावाकडे मनीऑर्डर यायची. ती बहुधा सासऱ्याच्या नावावर. पोस्टमन त्यांच्या अंगठ्यावर पैसे देऊन जायचा. ज्या बाईचा नवरा तिकडे साच्यावर उभा होता तिला त्यातले किती मिळायचे, हे आमच्या आज्या चांगले सांगू शकल्या असत्या. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही सवय आपल्याकडे जुनी आहे. पण मनीऑर्डरला निदान पोस्टाची पावती तरी असायची.

आता दुबईचे पाहू. तिथे कामाचा परवाना, वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे हे सगळे झाल्यावर 'एमिरेट्स आयडी' नावाचे ओळखपत्र मिळते. ते हातात पडेपर्यंत बँक सहसा दारात उभे करत नाही आणि पैसे पाठवणाऱ्या एक्स्चेंजच्या दुकानातही अडचण येते. हे मधले आठवडे सगळ्यात धोक्याचे. पोरगा नवा असतो, घरून फोनवर फोन येतात, कर्जाचे व्याज चालू असते, आणि मग तो खोलीतल्या माणसाच्या हातात नोटा ठेवतो. घरच्यांनी या काळात थोडा धीर धरावा. एक महिना उसनवारी झाली तरी चालेल. (हे सांगणे सोपे आहे, सावकार दारात आला की कठीण, याची मला कल्पना आहे.)

ओळखपत्र आल्यावर पासपोर्ट, व्हिसा आणि कंपनीचे पगाराचे पत्र घेऊन बँकेत जायचे. कमी पगारवाल्याला बऱ्याच बँका खाते देत नाहीत किंवा ठरावीक शिल्लक ठेवायला सांगतात. अशा कामगारांसाठी कंपनी पगाराचे कार्ड काढून देते. संयुक्त अरब अमिरातीत 2009 पासून पगार बँकेमार्फत किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंजमार्फतच देण्याची पद्धत सरकारने लावली आहे. म्हणजे रोख पगार हातावर ठेवणारा मालक नियम मोडतो, आणि कामगाराच्या हातात पुरावाही राहत नाही. कार्ड मिळाले तर ते कंपनीशी बांधलेले असते हे विसरू नये. नोकरी सोडण्याआधी त्यातले पैसे काढून घ्यावेत. आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात ठेवायचा नाही. तो ठेवून घेणे तिथल्या कायद्यालाही मान्य नाही.

मिरजेच्या दवाखान्यांत शिकून-राबून परदेशी जाणाऱ्या परिचारिका भगिनींची अडचण वेगळी. इंग्लंडमध्ये बँक पत्त्याचा पुरावा मागते, आणि घर भाड्याने द्यायला घरमालक बँकेचा पुरावा मागतो. अशा वेळी रुग्णालयाकडून नोकरीचे आणि राहण्याच्या जागेचे पत्र घ्यावे. तिथल्या मोठ्या बँकांना साधे मूळ खाते देणे बंधनकारक आहे. 'करंट अकाउंट मिळणार नाही' असे काउंटरवर ऐकून परत फिरू नये, साधे खाते द्या म्हणावे. जर्मनीतही 2016 पासून कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला असे खाते मागण्याचा हक्क आहे.

इकडच्या बँकेचे काम मात्र पुष्कळ जण विसरतात. नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस अनिवासी ठरतो. त्याचे गावातले बचत खाते तसेच चालू ठेवायचे नसते, ते बँकेला कळवून एनआरओ करून घ्यावे लागते. उसाचे बिल, घरभाडे असे इकडचे उत्पन्न त्यात जमा होते. त्यावरच्या व्याजातून बँक कर कापते, तो 30 टक्क्यांच्या घरात जातो. परदेशातल्या कमाईसाठी एनआरई खाते काढावे. त्याच्या व्याजावर इकडे आयकर नाही आणि पैसे परत बाहेरही नेता येतात. इथली रोकड मात्र त्यात भरता येत नाही. या खात्यातून घरखर्चाला पैसे काढण्याचा अधिकार आईला किंवा पत्नीला लेखी देता येतो. मी तर म्हणेन पत्नीला द्यावाच, आणि वारसाचे नाव लावताना 'नंतर बघू' म्हणू नये. शक्यतो ही कामे जाण्याआधी शाखेत विचारून ठेवावीत. तिकडून कागद साक्षांकित करून पाठवण्यात महिने जातात.

आणखी एक. आपले खाते मिळाल्यावर दुसऱ्याचे पैसे त्यातून फिरवू देऊ नयेत, मग तो कितीही जवळचा असो. चौकशी आली तर नाव आपलेच निघते. हुंडीने थोडा जास्त भाव मिळतो म्हणतात, पण ती बेकायदेशीर आहे आणि पैसे बुडाले तर तक्रार कोणाकडे करणार?

ताई, तुमच्या तीन महिन्यांबद्दल. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे त्या भावाने तुमच्या खात्यात भरले असतील तर पासबुकातल्या त्या नोंदी जपून ठेवा. व्यवहार झाला होता, एवढे त्यातून दिसते. फोनवरचे निरोप पुसू नका. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे मुलाने स्वतः जाऊन सल्ला घ्यावा, कायद्याचे मार्गदर्शनही मिळते. पैसे परत येतीलच असे मी लिहीत नाही. मुलाचे ओळखपत्र आले का आणि खाते झाले की कार्ड, तेवढे पुढच्या पत्रात कळवा.