कडी आणि आकडा

गणितात अनुत्तीर्ण झालेला नातू जूनमध्ये आमच्याकडे कोराडीस राहावयास आला, तेव्हा तो कोणाशीही बोलत नव्हता. उकाड्यामुळे बाहेर जाणे अशक्य. म्हणून छतातील झोपाळ्याच्या हुकास सुती दोरी बांधली, तिच्या टोकास पितळी कडी अडकविली आणि समोरच्या भिंतीवर आकडा ठोकला. दोरी ताणली असता कडी आकड्यावर नेमकी बसावी, एवढीच तिची लांबी.

बँकेतील सवयीने मी वहीत नोंदी ठेवू लागलो. पहिल्या दिवशी साठ झोके, जमा शून्य. तिसऱ्या दिवशी नातू उठून गेला. जाताना म्हणाला, “आजोबा, इथेही निकालपत्रक?”

मी वही मिटली.

त्यानंतर आम्ही केवळ कडीकडे पाहू लागलो. लंबकाच्या एका आंदोलनाचा काळ दोरीच्या लांबीवर ठरतो. दोन मीटर दोरीस सुमारे २.८ सेकंद. झोका थोडा लहान वा मोठा झाला तरी त्यात नाममात्रच फरक पडतो. जोराने ढकललेली कडी भिंतीवर आपटून परत येते. किंचित बाजूला रेटून अलगद सोडली, तर ती वळसा घेत जाते आणि बाजूने आकड्यात शिरते.

हे प्रथम त्यास उमगले. त्याने मला शिकविले. पुरवणी परीक्षेचा अर्ज त्याने त्याच आठवड्यात भरला.

गल्ल्यावर नव्याने बसलेल्या मुलाच्या चुका मोजणाऱ्या वडिलांनी एकदा हा खेळ मुलाकडून शिकून पाहावा.