पिसे कोणत्या डब्यात?

विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू असताना सातवीच्या एका मुलाने विचारले, "सर, कोंबडीची पिसे ओल्या डब्यात टाकायची की सुक्या?" त्याच्या वडिलांचे चिकनचे दुकान आहे. वर्गात हशा पिकला. आम्हाला मात्र चटकन उत्तर देता आले नाही. पुढे मुलांनी याच प्रश्नावर तक्ता केला, तेव्हा काही पालकांनी "शाळेत हा विषय कशाला?" अशी नाराजी कळवली. त्यांना आमचे म्हणणे येथे सांगतो.

कोंबडीच्या वजनात पिसांचा वाटा साधारण 5 ते 7 टक्के असतो. रोज दोन-दोन किलोच्या 50 कोंबड्या कापणाऱ्या एका दुकानातून 5 ते 7 किलो पिसे निघतात. वाळलेल्या पिसात सुमारे 90 टक्के केराटिन हे प्रथिन असते. आपल्या केसांत आणि नखांतही केराटिनच असते. ते गंधकाच्या बंधांनी इतके घट्ट बांधलेले असते की कच्चे पीस खाऊन जनावरांना पचत नाही आणि नाल्यात पडले तरी लवकर कुजत नाही.

बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली पिसे शिजवली की हे बंध तुटतात. आपल्या घरच्या कुकरचेच तत्त्व! मग ती वाळवून, दळून केलेली भुकटी माशांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात. नत्र भरपूर असल्याने खत म्हणूनही वापरतात. तिच्यात लायसिन, मेथिओनिन ही आवश्यक अमिनो आम्ले कमी असतात, म्हणून ती पूर्ण खाद्य नव्हे, जोड आहे. काही जिवाणूही केराटिन फोडू शकतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित यांच्या गटाने केस, लोकर, पिसे यांपासून खत व पशुखाद्य करण्याचे तंत्र विकसित केल्याचे 2021 साली जाहीर झाले.

म्हणजे तंत्र आहे आणि मालही आहे. अडते ते गोळा करण्यात. आतडी, रक्त, प्लास्टिक यांच्यासोबत एका पोत्यात दोन दिवस पडलेली पिसे कोणाच्याच कामाची राहत नाहीत. आपले इंदूर 2017 साली स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले, ते घरोघरी कचरा वेगळा केल्यामुळे. मग चिकनच्या दुकानांतून पिसांचे पोते वेगळे, त्याच दिवशी उचलले जावे, ही अपेक्षा फार मोठी नाही. दुकानदारांनी वेगळे ठेवावे, नगर निगमने वेगळे न्यावे.

खाणे, न खाणे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आमच्या घरीही मांसाहार होत नाही. कचरा मात्र सगळ्या शहराचा आहे. नाक दाबून पुढे गेल्याने तो कमी होत नाही.

तक्ता प्रदर्शनात लागेल. पालकांनी अवश्य यावे आणि तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडूनच त्याची माहिती ऐकावी. आता त्याला कोणी हसत नाही.