गती आणि गतानुगतिकता

आमच्या वाचकवर्गात सरकारी अधिकाऱ्यांचा भरणा मोठा आहे. बदलीचा हुकूम हाती पडला की नवे शहर, नवी भाषा, नवे बिऱ्हाड आणि मुलांची नवी शाळा ही सारी उलथापालथ जे निमूटपणे पार पाडतात, ते बदलास भितात असा आरोप करणे वरवर पाहता अन्यायाचे दिसेल. तरीही तो आरोप आज आम्ही करीत आहोत. जो गृहस्थ गुवाहाटीहून अहमदाबादेस आणि अहमदाबादेहून चेन्नईस संसार हलवितो, तोच गृहस्थ संगणकावर पहिल्या दिवशी जो ब्राउझर मिळाला तोच वर्षानुवर्षे चालवितो; तो संथ झाला म्हणून रोज कुरकुरतो; आणि त्याच्या जागी दुसरा लावून पाहावा हा विचार त्याच्या मनास शिवतही नाही. घर बदलते, गाव बदलते, साहेब बदलतो. ब्राउझर मात्र बदलत नाही!

ही बाब क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठीच हा लेख आहे. पण प्रथम आमची स्वतःची कबुली.

आमच्या मासिकाच्या कचेरीतला संगणक जुना आहे. मुद्रिते, पत्रव्यवहार, वर्गणीदारांच्या याद्या हे सारे त्यावरच चालते. गेली दोन वर्षे कोणतेही पान उघडावयाचे म्हटले की खुर्चीत मागे रेलून वाट पाहावी लागे. आम्ही प्रथम इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस दोष दिला, मग यंत्रास दिला, आणि अखेर नव्या यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे ठेवला. मंडळात हिशेबखात्यात हयात घालविलेले एक सभासद आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "संथ काय आहे? जोडणी, यंत्र की ब्राउझर? कोणी तपासले आहे काय?" कोणीही तपासले नव्हते. आम्ही लेखणीचे धनी म्हणवितो, पण जे आरोपपत्र आम्ही दोन वर्षे वाचीत होतो त्यास पुरावा म्हणून कागदाचा कपटाही जोडलेला नव्हता.

मग पुरावा गोळा केला. फायरफॉक्स नावाचा दुसरा ब्राउझर त्याच यंत्रावर बसविला. तीच पाने, तीच वेळ आणि समोर घड्याळ. पहिल्या दिवशी निराशा झाली. नुसत्या नावबदलाने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो दुसऱ्या दिवशी, पानांबरोबर येणाऱ्या जाहिराती आणि पाळत ठेवणारे तुकडे अडविल्यावर. मग जुन्या ब्राउझरकडे वळलो. त्यात कोणी कधी बसविले हे कोणासच आठवत नव्हते अशी अनेक एक्स्टेन्शने निघाली. ती काढताच तोही सुधारला. नव्या यंत्राचा प्रस्ताव आम्ही मागे घेतला.

या अनुभवाचे मर्म समजून घेतले पाहिजे. वर्तमानपत्राचे एखादे पान उघडले की बातमीचा मजकूर जेमतेम काही किलोबाइटांचा असतो. पण त्या पानाबरोबर निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांकडून जावास्क्रिप्टचे ढीग येतात. काही जाहिरात मांडतात, काही वाचक कोण, कोठून आला, कोठे थांबला याची नोंद करतात. ब्राउझरने हे सारे मागवावयाचे, उलगडावयाचे आणि चालवावयाचे; आणि या वरातीला वाट देता देता बातमी मागे राहावयाची. अतएव गतीचा खरा प्रश्न 'कोणता ब्राउझर अधिक धावतो' हा नसून 'कोणता ब्राउझर आपल्या पाठीवरचे ओझे आपणांस उतरवू देतो' हा आहे.

येथे ब्राउझर-ब्राउझरांत फरक पडू लागतो. फायरफॉक्सने २०१९ पासून पाळत ठेवणाऱ्या ज्ञात तुकड्यांस अटकाव मुळातच चालू ठेवला आहे. 'कडक' ही श्रेणी निवडली की तो आणखी वाढतो. क्रोमने मात्र एक्स्टेन्शनांचे नियम बदलले आणि २०२४ व २०२५ या वर्षांत यूब्लॉक ओरिजिन हे विख्यात अडवणूक-साधन आपल्याकडे बंद पाडले. त्याची सौम्य आवृत्ती तेवढी उरली. नव्या नियमांनी सुरक्षितता वाढते, असे क्रोमचे समर्थन आहे. असेलही. पण ज्या कंपनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालते तिनेच जाहिरात अडविण्याच्या साधनाची मर्यादा ठरवावी, हा न्याय आमच्या वाचकांनी आपल्या खात्यात खपवून घेतला असता काय? फायरफॉक्समध्ये ते साधन आजही पूर्ण रूपात चालते.

गतीच्या नावाने जे तोडगे सांगितले जातात त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. २००५ च्या सुमारास फायरफॉक्सच्या अंतर्गत नोंदीत 'पाइपलायनिंग' चालू करून आकडे वाढवावेत, म्हणजे वेग दुप्पट होतो, असा मंत्र हातोहात फिरत असे. पुढे २०१५ साली एचटीटीपीची दुसरी आवृत्ती प्रमाण झाली, तिने एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकदम पाठविण्याची सोय मुळातच केली, आणि तो मंत्र कालबाह्य झाला. तरी तो जपणारे अजून भेटतात! दुसरा समज कॅश रोज पुसण्याचा. कॅश म्हणजे एकदा आणलेल्या वस्तूंची हाताशी ठेवलेली कोठी. ती रोज रिकामी करणे म्हणजे वाणसामान रोज फेकून रोज बाजारात जाणे. एखादे पान बिघडले तर ती पुसावी. नित्यनेम म्हणून पुसू नये. तिसरा प्रकार फुकट मिळणाऱ्या 'वेगवर्धक' प्रोग्रामांचा. तो बहुधा स्वतःच नवे ओझे होऊन बसतो. खरे उपाय नीरस आहेत : नको ती एक्स्टेन्शने काढावीत, पन्नास टॅब उघडे ठेवण्याची सवय सोडावी, ब्राउझर अद्ययावत ठेवावा, आणि पाळत अडवावी.

आता मूळ आक्षेपाकडे वळतो. 'जे मिळाले आहे ते चालते आहे. बदलाचा खटाटोप कशाला?' या उद्गाराची बाजारात किंमत केवढी आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे काय? अमेरिकेतील एका न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने शोधयंत्रांच्या क्षेत्रात बेकायदेशीर मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. त्या खटल्यात उघड झाले की ब्राउझरांत आणि फोनांत शोधयंत्र मुळात आपलेच असावे यासाठी त्या कंपनीने २०२१ या एका वर्षात सुमारे २,६३० कोटी डॉलर इतरांस दिले. मनुष्य मिळालेली वस्तू सहसा बदलीत नाही, या एका गृहीतावर ही रक्कम मोजली गेली. आपला आळस आपणांस फुकट वाटतो. दुसरा कोणी त्याचे भाडे भरीत असतो.

हा आळस सामुदायिक झाला म्हणजे काय होते, त्याचा इतिहास दूरचा नाही. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती काढली. तेव्हा जवळजवळ सारे जग तोच ब्राउझर वापरू लागले होते. स्पर्धक उरला नाही, आणि सातवी आवृत्ती आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये. पाच वर्षे त्या कंपनीस घाई करण्याचे कारणच नव्हते! मध्यंतरी, नोव्हेंबर २००४ मध्ये, फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. २००८ साली क्रोम आला. आणि मग कुठे वेगाची शर्यत पुन्हा सुरू झाली. आज ज्या वेगाचे आपण कौतुक करतो तो मक्तेदारीची देणगी नव्हे. मूठभर लोकांनी 'आम्ही दुसरा वापरून पाहू' असे म्हटल्याचे ते फळ आहे.

दक्षिण कोरियाची कथा तर प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावी. तेथे बँकव्यवहार आणि सरकारी कामकाज यांसाठी राष्ट्रीय संकेतलेखन-पद्धती ठरली. ती चालविण्यासाठी ॲक्टिव्हएक्स हे केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालणारे साधन घेतले गेले. हेतू सुरक्षिततेचा होता. परिणाम असा झाला की प्रगत इंटरनेटबद्दल ख्यात असलेले ते राष्ट्र अनेक वर्षे एकाच ब्राउझरास बांधले गेले. सक्तीच्या प्रमाणपत्रांची ती पद्धत रद्द व्हावयास डिसेंबर २०२० उजाडला, आणि खुद्द तो ब्राउझरही जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. कोण्या एका अधिकाऱ्याच्या टेबलावर जे यंत्र होते त्यावर ते सारे नीट चालत होते. तेवढ्यावर कोट्यवधींची सोय गृहीत धरली गेली.

'पण आता तर ब्राउझर पुष्कळ आहेत,' असे कोणी म्हणेल. नावे पुष्कळ आहेत, इंजिने थोडी आहेत. ओपेराने आपले इंजिन २०१३ मध्ये सोडले, मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० मध्ये सोडले. दोघेही क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमवर आले. ब्रेव्ह आणि विवाल्डी त्याच पायावर उभे आहेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली. २०२५ मध्ये तिचे पहिले पारितोषिक झोहो कंपनीच्या उला या ब्राउझरने मिळविले. त्या यशाचा आम्हांस आनंद आहे. तथापि उलाही क्रोमियमवरच रचलेला आहे, हे सांगणे भाग आहे. निराळे इंजिन म्हणून मोठे नाव घ्यावे असे उरले ते ॲपलचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको.

फायरफॉक्सची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्या पाठीशी असलेल्या मोझिला संस्थेचे बहुतांश उत्पन्न गूगलशी झालेल्या करारातूनच येते, ही विसंगती आम्ही झाकून ठेवीत नाही. काही संकेतस्थळे त्यात अडखळतात, हेही खरे; पण त्यात दोष पुष्कळदा ज्यांनी एकाच ब्राउझरात तपासणी करून हात झटकले त्यांचा असतो. आणखी एक आक्षेप आमच्याच वर्मावर बोट ठेवणारा आहे : जाहिराती अडविल्या तर वृत्तपत्रांनी जगावे कसे? आम्ही स्वतः नियतकालिक चालवितो. जाहिरातीच्या चार ओळींचे मोल आम्ही जाणतो. परंतु आमच्या पानावर छापलेली जाहिरात वाचकाच्या मागोमाग त्याच्या घरात शिरत नाही. जे पत्र आवडते त्याला अडवणुकीतून सूट द्यावी, त्याची वर्गणी भरावी. पाळतीला मात्र सूट देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. आमचे वाचक केवळ वाचक नाहीत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या सहीने निविदा निघतात, संकेतस्थळे स्वीकारली जातात, 'काम समाधानकारक' असा शेरा पडतो. तो शेरा देणारा अधिकारी वेगवान यंत्रावर, वेगवान जोडणीवर, एकाच ब्राउझरात ते संकेतस्थळ पाहतो. आणि गावाकडचा अर्जदार स्वस्त फोनवर, अर्ध्या जोडणीवर, शेवटच्या तारखेला संध्याकाळी पाहतो. पान उघडत नाही, अर्ज राहतो, वर्ष जाते. त्या अर्जदाराची तक्रार कोणत्याही फाइलवर येत नाही, कारण तक्रारीचे पानही त्याच संकेतस्थळावर असते! स्वीकृतीपूर्वी निदान दोन निराळ्या इंजिनांत आणि एका साध्या फोनवर पाने तपासावीत, एवढी अट घालावयास कोणाचीही परवानगी लागत नाही. पण ही अट सुचण्यासाठी दुसरा ब्राउझर अस्तित्वात आहे याची जाणीव असावी लागते, आणि ती जाणीव स्वतः वापरल्यावाचून येत नाही.

म्हणून आमची मागणी माफक आहे. कार्यालयाच्या संगणकावर परवानगीवाचून काही बसवू नये. पण घरचा संगणक आपला आहे. त्यावर पंधरा दिवस दुसरा ब्राउझर चालवावा. तो मराठीतूनही मिळतो. परप्रांती राहून ज्यांना चार मराठी शब्द रोज दिसावेत असे वाटते त्यांनी ती सोय जरूर घ्यावी. रोजची तीन पाने ठरवावीत, दोन्ही ब्राउझरांत घड्याळ लावून उघडावीत, ओझे उतरवून पुन्हा उघडावीत, आणि नोंद ठेवावी. पंधरा दिवसांनी जुनाच बरा वाटला तर खुशाल त्याच्याकडे परतावे. आमचे काही म्हणणे राहणार नाही. कारण तेव्हा तो मिळालेला ब्राउझर नसेल, निवडलेला असेल.

असो. आमच्या हिशेबखात्यातील सभासदांनी परवा पुन्हा विचारले की वाचलेल्या पैशांचे काय करावयाचे. मंडळाने ठरविले आहे की दिवाळी अंकाची पाने वाढवावीत. कुरकुर सोडून तपासणी केली तर मराठी वाचकाच्या पदरात काय पडते, याचा दुसरा दाखला आम्हांजवळ नाही.